नवीन मोटर बसवूनही रेडिएटरचा पंखा फिरत नाही, आता म्हणतात ईसीयू गेला

निळीहॅचबॅक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते. अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट मिळतात, हे गेल्या पंधरा दिवसांत पुरतं कळलंय.

गाडी वडिलांची, आता मी चालवते. पेट्रोल, चार सिलिंडर, अकरा वर्षांची, एक लाख आठ हजार किलोमीटर झालेली. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर, अगदी शहाण्यासारखा. पण गर्दीत चार-पाच मिनिटं उभी राहिली की तो हळूहळू वर सरकायला लागतो. एसीचंही तसंच: गाडी पळत असली की गार, थांबली की दोन मिनिटांत कोमट. मुलगा मागून ओरडतो, "आई, वाफ सोडतेय ही!" वाफ नसते, पण हवा तशीच लागते.

बॉनेट उघडून बघितलं तर पंखा ढिम्म. एरवी सिग्नलला त्याचा घुर्र आवाज यायचा. तो कधीपासून येत नाही हे आठवायचा प्रयत्न केला, तर बहुतेक दीड महिना.

गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी पंख्याचा कपलर (तारांचा प्लग) काढून त्यात मल्टिमीटर लावला. बारा व्होल्टच्या वर आकडा आला. म्हणाले, करंट येतोय, म्हणजे मोटर गेली. नवीन मोटर बसवली. त्या संध्याकाळी पंखा फिरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा ढिम्म. परत नेली. त्यांनी बॅटरीवरून थेट दोन तारा देऊन मोटर फिरवून दाखवली, छान फिरली. फ्यूज बघितला, चांगला आहे. रिले बदलला, फरक नाही. आता म्हणतात, "मॅडम, ईसीयूच आदेश देत नाहीये, तो बदलावा लागेल." ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, नाव काढलं आणि मी गाडी घेऊन घरी आले.

मी स्वतः केलेलं निरीक्षण: इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबलं की फ्यूजच्या डब्यात 'टक्' असा आवाज येतो. पंखा मात्र हलत नाही. हाताने फिरवला (चावी काढून, इंजिन गार असताना) तर मोकळा फिरतो, कुठे अडकत नाही.

आणखी एक गोष्ट, याच्याशी संबंध नसावा. रात्री साधे हेडलाइट लावले तरी डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा अगदी मंद पेटलेला दिसतो. डावा हेडलाइटही पिवळट वाटतो. बल्ब जुना झाला असेल.

ईसीयू खरंच गेला असेल का?

टॉपगिअर

ताई, इतका विचार कशाला? पंख्याची लाल तार फ्यूजच्या डब्यातून तोडा, आत डॅशबोर्डखाली एक स्विच बसवा आणि बॅटरीवरून सरळ करंट द्या. काटा चढला की स्विच दाबायचा. माझ्या गाडीत तीन वर्षं असंच आहे. ईसीयू नको आणि सेन्सर नको.

उकळतं पाणी

आधी कूलंट बघा. माझ्या बाबतीत पंखा, रिले, फ्यूज सगळं ठीक होतं, पण पाणी इतकं कमी झालं होतं की तापमानाचा सेन्सर बुडतच नव्हता. सेन्सर हवेत लटकत असेल तर त्याला इंजिन तापल्याचं नीट कळत नाही, मग पंख्याला सांगणार कोण? काटाही त्याच सेन्सरवर असेल तर तोसुद्धा शांत राहतो. मला कळलं ते हीटरमुळे. हीटर लावला तर गार हवा यायला लागली, कारण हीटरच्या नळ्यांतही पाणी नव्हतं.

बाटलीतली पातळी इंजिन पूर्ण गार असतानाच बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नसतं. झाकण सैल केलं की दाब उतरतो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं. माझ्या मनगटावर अजून खूण आहे.

आणि एक, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप. इंजिन तापल्यावर रेडिएटरचा वरचा होज पाइप कडकडीत आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट उघडत नसण्याची शक्यता असते. जुन्या गाड्यांत पंख्याचा स्विच रेडिएटरलाच असतो. गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचलंच नाही तर इंजिन उकळतंय आणि पंखा झोपलाय असा प्रकार होतो.

निळीहॅचबॅक

@उकळतं पाणी: कूलंट बघितलं, बाटलीत कमाल रेषेच्या बोटभर खाली. हीटर कडक गरम येतो. दोन्ही पाइप गरम आहेत, खालचा थोडा कमी.

@टॉपगिअर: मी विसरभोळी आहे. स्विच दाबायचा राहिला तर?

जुना वायरमन

ताई, मोटर गेली नव्हती आणि ईसीयूही गेलेला नाही. तुम्ही ज्याला 'संबंध नसावा' म्हणता ना, त्या निळ्या दिव्यातच उत्तर आहे असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर सुटे भाग बदलायचे नसतात. ते तुमच्याकडे एकदा झालंच आहे. म्हणून क्रमाने जाऊ.

पस्तीस वर्षं गाड्यांची वायरिंग केली, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून बंद केलंय. लिहायला भरपूर वेळ आहे.

तुमची पहिली मोठी खूण म्हणजे तो 'टक्'. तो रिलेचा आवाज. रिलेच्या आत दोन वेगळी मंडळं असतात. 85 आणि 86 या पिनांमध्ये बारीक तारेचं वेटोळं असतं, त्यातून अगदी थोडा करंट जातो आणि त्याचं चुंबक होतं. ते चुंबक 30 आणि 87 मधला पट्टा ओढून घेतं आणि पंख्याचा जाडजूड करंट तिथून जातो. ईसीयूचं काम फक्त त्या वेटोळ्याला चालू-बंद करायचं. एसी लावल्यावर टक् वाजला, म्हणजे ईसीयूने हुकूम दिला आणि वेटोळ्याने तो ऐकला. ज्याने हुकूम दिलाय त्यालाच मेला म्हणून घोषित करायचं, हे मला पटत नाही.

टक् वाजला म्हणजे 30-87 मधून करंट गेलाच, असं मात्र नाही. आतले पॉइंट काळे पडले की आवाज येतो आणि माल पुढे जात नाही. तुमचा रिले बदलून झालाय, त्यामुळे ती शक्यता बरीच कमी. डब्यातली रिलेची बैठक तापून सैल झालेली असू शकते, तिकडे नंतर बघू.

आता मल्टिमीटरची गोष्ट. गॅरेजवाल्यांनी कपलर काढून आकडा बघितला, तिथे गाडी रुळावरून घसरली. मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. नळाला पाणी येतंय का हे बघायला आपण तोटीवर बोट ठेवलं तर दाब पूर्ण लागतो, मग वरची नळी गाळाने नव्वद टक्के भरलेली का असेना. बोट काढलं की धार करंगळीएवढी. तारेचं तेच. केसाएवढा एकच धागा शिल्लक असला तरी मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवतो. पंख्याच्या मोटरला दहा-वीस अँपिअर लागतात, सुरू होताना त्याहून जास्त. ते मागितल्यावर तार टिकते की नाही, हे भार असतानाच कळतं. माझ्याकडे मीटर शेवटी आला. त्याआधी वीस वर्षं मी इंडिकेटरच्या 21 वॅटच्या बल्बला दोन तारा लावून काम केलं, आणि तो बल्ब खोटं बोलायचा नाही.

तर मोजणी अशी करा. इंजिन चालू, एसी चालू, टक् वाजलेला. पंख्याचा कपलर *लावलेलाच* ठेवा. कपलरच्या मागून, तार जिथे आत जाते तिथे, एक टाचणी अलगद सारा म्हणजे ती पितळी पिनेला टेकेल. मीटरची काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर ठेवा. बॉडीवर ठेवू नका, खुद्द बॅटरीवरच. लाल सुईने तीन ठिकाणी मोजा:

बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक. 
पंख्याची पुरवठ्याची तार.
पंख्याची काळी तार.

तिसरा आकडा मला सगळ्यात आधी सांगा. चांगल्या अर्थिंगला तो दोन-तीन दशांश व्होल्टच्या आत असतो.

ओढणी असेल तर काढून ठेवा, केस बांधा, बांगड्या काढा. पंखा कधीही चालू होईल असं धरूनच हात आत घाला. बऱ्याच गाड्यांत तो चावी काढलेली असतानाही फिरतो.

आणि एक प्रश्न. खरं सांगा. गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याचं काही काम झालंय का गेल्या दोन-तीन महिन्यांत?

@टॉपगिअर: तुमचा स्विच लावूनही यांचा पंखा फिरला नसता. का, ते आकडे आल्यावर बघाल.

निळीहॅचबॅक

काका, तुम्हाला कसं कळलं?

दोन महिन्यांपूर्वी गेटच्या खांबाला डावा कोपरा घासला. मीच घासला. बंपर, हेडलाइटच्या मागची पत्र्याची फ्रेम, असं डेंटिंग-पेंटिंग झालं. घरी मी 'जुना रंग उडाला होता म्हणून करून घेतलं' असं सांगितलंय, त्यामुळे इथेही लिहिलं नव्हतं.

उद्या सकाळी मोजते. मीटर शेजारच्या मुलाकडून आणलाय, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तो म्हणतो टाचणी सारायची पद्धत त्यांना शिकवत नाहीत.

दुचाकीस्वार

मला गाडीतलं काही कळत नाही, पण उद्याचे आकडे बघायला येणार आहे.

निळीहॅचबॅक

मोजलं. दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा टाचणी वाकडी गेली.

इंजिन चालू, एसी चालू, टक् वाजला, पंखा बंद.

बॅटरी: 14.1
पुरवठ्याची तार: 13.8
काळी तार: 12.9

शेजारचा मुलगा म्हणाला काकू, सुया चुकीच्या लावल्यात, काळ्या तारेवर तेरा व्होल्ट कसे असतील? मी म्हटलं काकांना विचारू.

जुना वायरमन

सुया बरोबर आहेत. त्या मुलाला सांगा, हा आकडा वहीत लिहून ठेव.

13.8 पुरवठ्याच्या बाजूला, म्हणजे फ्यूज, रिले, रिलेची बैठक, तिथपर्यंतची तार, सगळं निर्दोष. बॅटरीपासून पंख्यापर्यंत फक्त 0.3 हरवलेत. आता मोटरच्या दोन तारांमधला फरक बघा: 13.8 वजा 12.9, म्हणजे 0.9 व्होल्ट. तुमच्या नव्या कोऱ्या मोटरला पाऊण-एक व्होल्ट मिळतोय. तेवढ्यावर खेळण्यातली मोटर फिरेल, ही नाही.

उरलेले 12.9 कुठे गेले? मोटरच्या काळ्या तारेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतच्या परतीच्या वाटेत. म्हणजे अर्थिंग. ती वाट तुटलेली नाही, पण इतकी अरुंद झालीय की सगळा दाब तिथेच खर्च होतो. म्हणून म्हटलं, डॅशबोर्डखाली स्विच लावून पुरवठ्याची बाजू कितीही सजवली असती तरी उपयोग शून्य. आणि गॅरेजमध्ये मोटर थेट फिरवताना त्यांनी *दोन्ही* तारा बॅटरीवरून दिल्या. लाल तेवढी बॅटरीवरून देऊन काळी गाडीचीच ठेवली असती, तर तिथेच चोर सापडला असता.

आता निळा दिवा. तुमच्या गाडीत एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपरचे दोन फिलामेंट असणार, आणि दोघांना परतीची तार एकच. ती परतीची वाट खराब झाली की डाव्या डिपरचा करंट अडतो आणि दुसरी वाट शोधतो. शेजारच्या अप्परच्या फिलामेंटमधून तो उलटा घुसतो, अप्परच्या तारेने उजव्या हेडलाइटपर्यंत जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थिंगला उतरतो. त्याच अप्परच्या तारेवर डॅशबोर्डचा निळा दिवा बसलेला. त्याला उष्टा-खरकटा दाब मिळतो, म्हणून तो मंद पेटतो. डाव्या दिव्याला पूर्ण दाब मिळत नाही, म्हणून तो पिवळा. बल्बचा काही दोष नाही.

डावा हेडलाइट आणि पंखा दोघेही एकाच वेळी आजारी, म्हणजे दोघांच्या काळ्या तारा एकाच बोल्टवर येत असणार. डाव्या हेडलाइटच्या मागच्या पत्र्यावर, बॅटरीच्या ट्रेच्या आसपास, दहा नंबरच्या पान्याचा एक बोल्ट शोधा. त्यावर दोन-तीन काळ्या किंवा तपकिरी तारांचे लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) असतील. पेंटरने रंग मारायच्या आधी बोल्ट काढला असेल, पत्रा रंगवला, आणि नंतर लग रंगावरच आवळला. रंग म्हणजे उत्तम इन्सुलेशन. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांमधून थोडाफार करंट जात राहतो, म्हणून महिना-पंधरा दिवस सगळं चालतं. मग आट्या तापतात, गंजतात, आणि संपलं. नवीन मोटर बसवताना तारा ओढल्या गेल्या, लग जरा हलला, एक संध्याकाळ मिळाली तुम्हाला.

तो बोल्ट सापडला की आणखी एक करा. पाच-दहा मिनिटं इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद करा आणि बोल्टला बोट लावून बघा, जरा जपून. अडखळत का होईना, दीड-दोन अँपिअर जात असतील. 12.9 ने गुणा. वीस-पंचवीस वॅट, म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता त्या एका बोल्टवर.

काही खोलायच्या आधी खात्री: जंप-स्टार्टची केबल असेल तर तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं त्या *लगला* लावा. बोल्टला नको, लगलाच. मग एसी लावा आणि हात लांब ठेवा.

निळीहॅचबॅक

फिरला!!!

बोल्ट अगदी तुम्ही सांगितला तिथेच होता, तीन तारांचा. चटका बसला. लगच्या कडेने नवा निळा रंग तपकिरी पडून फुगलाय, पापडासारखा. केबल लगला टेकवली आणि एसीचं बटण दाबलं, तर असा भुर्रकन आवाज आला की शेजारचा मुलगा दोन पावलं मागे सरला.

आता नीट कसं करायचं तेवढं सांगा. लग कापून नवीन लावायचा का?

जुना वायरमन

लग नका कापू. तार वितळलेली किंवा हिरवी पडलेली असेल तरच.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. बोल्ट काढा. लगच्या खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासा, लगपेक्षा थोडं मोठं वर्तुळ, चकचकीत पांढरा पत्रा दिसेपर्यंत. लगच्या दोन्ही बाजूही घासा. बोल्टच्या आट्यांत रंग असेल तर तारेच्या ब्रशने काढा, आणि जमलं तर बोल्ट नवाच घ्या. लगखाली दातेरी वॉशर टाकलात तर त्याचे दात पत्र्यात रुततात आणि पकड टिकते. घट्ट आवळा. *त्यानंतर* वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा म्हणजे पाणी लागून गंजणार नाही.

मग तेच तीन आकडे पुन्हा मोजा. पंखा फिरला म्हणून मोजायचं सोडू नका. अर्धवट अर्थिंगवरही पंखा फिरतो, फक्त दमलेला.

आणि काटा लाल पट्टीत गेला होता का कधी? बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम आळशी केलेला असतो. तापमान दहा-वीस अंश इकडेतिकडे झालं तरी तो मध्यावरच बसतो, चालकाने घाबरू नये म्हणून. त्यामुळे काटा हलायला लागला तेव्हा इंजिन बरंच पुढे गेलेलं असतं. कूलंट विनाकारण कमी होतंय का, तेलाच्या झाकणाखाली साय धरल्यासारखं पांढरट काही आहे का, बाटलीत सतत बुडबुडे येतात का, एवढं महिनाभर बघत राहा. हेड गॅस्केटला (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) धक्का बसला असेल तर तिथे दिसेल.

निळीहॅचबॅक

लाल पट्टीत कधीच गेला नाही. गर्दीत काटा चढला की मी एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर चारवर टाकायचे. वडील असं करायचे हे आठवत होतं. भर उन्हात हीटर लावून बसलेली बाई बघून लोक काय म्हणत असतील देव जाणे, पण काटा खाली यायचा.

जुना वायरमन

वडिलांनी बरोबर शिकवलंय. हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच. तेवढी उष्णता इंजिनातून निघते. लाल पट्टीत गेलीच तर मात्र बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि बॉनेट उघडून बसायचं. गार पाणी ओतायचं नाही. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते तडकू शकतं.

टॉपगिअर

वायरमन काका, माझा स्विच आता काढावा का? तसा तीन वर्षं काही त्रास नाही.

जुना वायरमन

त्रास ज्या दिवशी विसराल त्या दिवशी. स्विच ठेवायचाच तर ईसीयूची मूळ वायरिंग जोडून घ्या आणि स्विच त्याला समांतर, रिलेमार्फत, फ्यूज घालून. डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून पंधरा-वीस अँपिअर सरळ नेलेत ना? हात लावून बघा, कोमट लागेल.

टॉपगिअर

लागतोय.

निळीहॅचबॅक

रविवारी काम केलं. पत्र्यावर लगच्या खाली रंगाचा थर नेलपॉलिशच्या तीन हातांएवढा होता, शिवाय प्राइमर वेगळा. घासायला वीस मिनिटं लागली. दातेरी वॉशर टाकला.

आकडे: बॅटरी 14.0, पुरवठा 13.4, काळी तार 0.1.

पुरवठा आधीपेक्षा कमी का झाला म्हणून घाबरले होते. शेजारच्या मुलानेच सांगितलं, आता खरा करंट जातोय म्हणून वाटेत थोडा जास्त खर्च होणार. मुलगा हुशार आहे.

एसी बंद ठेवून उभ्या गाडीत घड्याळ लावून बसले. चौदा मिनिटांनी पंखा आपणहून लागला, पन्नासेक सेकंद फिरून बंद झाला, मग साडेतीन मिनिटांनी पुन्हा. काटा मध्यावरून हललाही नाही. रात्री हेडलाइट लावले: दोन्ही पांढरे, निळा दिवा गायब. यांनी विचारलं बल्ब बदललेस का, आणि मग खांबाची गोष्टही बाहेर आली.

जुनी मोटर गॅरेजमधून मागून आणली. बॅटरीवर फिरवून बघितली, ठणठणीत आहे. आता माळ्यावर ठेवलीय.

मागच्या सीटवरून

उशिरा आलोय, पण विषय तोच आहे म्हणून इथेच विचारतो. माझा पंखा गाडी बंद करून चावी काढली तरी फिरत राहतो. कधी दोन मिनिटं, कधी पाच. हा बिघाड आहे का? आणि गाडी चालू असताना तो फक्त जोरात फिरतो. पूर्वी आधी हळू आणि मग जोरात असा दोन टप्प्यांत फिरायचा.

जुना वायरमन

दोन वेगळे प्रश्न आहेत.

इंजिन बंद केलं की पाण्याचं फिरणं थांबतं, पण लोखंडातली उष्णता तिथेच असते, त्यामुळे तापमान उलट थोडं वर जातं. बऱ्याच गाड्यांत म्हणूनच पंखा काही मिनिटं चालू ठेवलेला असतो. आपोआप बंद होत असेल तर ठीक. रात्रभर फिरून सकाळी बॅटरी उतरलेली सापडली, तर रिलेचे पॉइंट आतल्या आत चिकटलेत. रिले उपटला की पंखा थांबतो का, एवढं बघायचं.

हळू टप्पा गेला असेल तर पहिला संशय रेझिस्टरवर. एका पंख्याच्या पुष्कळ गाड्यांत हळू वेगासाठी पंख्याच्या चौकटीवर एक रेझिस्टर बसवलेला असतो. मोटरच्या वाटेत तो आडवा येतो म्हणून वेग कमी होतो. तापून तापून त्याची तार तुटते. मग हळू टप्पा मेलेला, आणि पंखा थेट जास्त तापमानाला, पूर्ण जोराने. लोक म्हणतात पंखा चालतोय की! चालतोय, पण उशिरा चालतोय. इंजिन रोज जरूरीपेक्षा जास्त तापल्यावर त्याला जाग येते.

एसी लावल्याबरोबर पंखा लागतो की थोडं थांबून एकदम जोरात लागतो?

मागच्या सीटवरून

थांबून. आधी टक् वाजतो, पंखा नाही. मग थोड्या वेळाने दुसरा टक् आणि भसकन पूर्ण जोर.

जुना वायरमन

पहिला टक् हळू वेगाच्या रिलेचा. त्याला हुकूम मिळतोय, पण पुढची वाट तुटलीय. इंजिन गार असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून, पंख्याच्या चौकटीवर दोन तारांचा पांढरा सिरॅमिकचा किंवा ॲल्युमिनियमच्या पंखांचा तुकडा शोधा. त्याचा कपलर काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजा. एक ओहमच्या आतबाहेर काही आलं तर तो जिवंत आहे, मग कपलरच्या पिना जळल्यात का बघा. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार आत तुटलीय. काय येतं ते इथेच लिहा, मी संध्याकाळी बघतो.